ई-चलन पोर्टल: थकलेला दंड फेडून झाल्यावरचा अनुभव

ज्यांच्या गाडीवर एखाददुसरं चलन आहे त्यांनी हे वाचू नका, भरून टाका आणि मोकळे व्हा. ज्यांची यादी उघडल्यावर मोबाइलचा स्क्रीन खाली खाली सरकवत न्यावा लागतो, त्यांच्यासाठी लिहितेय.

राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर गाडीचा नंबर, चासी नाहीतर इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे, मग थकलेल्या चलनांची यादी, हे सगळ्यांना माहीत आहे. मला ती यादी एका गिऱ्हाइकाने दाखवली. आमची जुनी स्कूटर विकायला काढली होती. इंजिनाचं काम निघालं होतं आणि मेकॅनिकने सांगितलेला आकडा ऐकून दुरुस्तीचा विचार सोडून दिला. बघायला आलेल्या मुलाने टायर बघितले नाहीत की किक मारली नाही, खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "काकू, गाडीवर चलनं आहेत की. आधी ती क्लिअर करा, मग ट्रान्सफरचं बोलू." गाडीच्या किमतीचा चांगलाच लचका तोडेल एवढी बेरीज होती.

ही चलनं आली कुठून ते थोडक्यात. आमची मेस पुण्यात, कर्वेनगरात. मार्च 2020 मध्ये मेसवर जेवणाऱ्या मुली गावी गेल्या त्या गेल्याच. यांची चाकणची नोकरी आधी अर्ध्या पगारावर आली आणि मग सुटलीच. पुढे घर डब्यांवर चाललं. गाडी एक आणि चालवणारे तीन: मी, हे आणि माझा भाचा. दागिने पतसंस्थेत, मुलीची फी हप्त्याने. चलनाचे एसएमएस जात होते यांच्या कंपनीच्या सिमवर, जे नोकरीबरोबरच गेलं. आरसीला, म्हणजे गाडीच्या नोंदणीला, कुठला मोबाइल नंबर जोडलेला आहे हे आजच तपासा. तो परिवहनच्या साइटवर घरबसल्या बदलता येतो.

आता मुद्द्याचं. या पोर्टलमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक चलनासमोरचा तो छोटा चौकोन. हसू नका. वीजबिल थकलं की सगळं एकदम मागतात, सोसायटीचा मेंटेनन्स थकला की वर व्याज लावतात. इथे तसं नाही. यादीतलं हवं ते चलन निवडा, तेवढंच भरा, बाकीची गुपचूप बसून राहतात. हप्ते पाडून द्या म्हणून कोणाच्या टेबलासमोर उभं राहायला नको. आमच्यावर काय वेळ आली होती हे लिहायला त्या पानावर रकाना नाही, याचा मला आधी राग आला होता. नंतर वाटलं, बरंच आहे. गेल्या काही वर्षांत ती कहाणी बँकेत, शाळेत, दवाखान्यात इतक्यांदा सांगून झाली होती की एका ठिकाणी तरी ती न सांगता काम झालं.

डब्यांचे पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जमा होतात. तेव्हा बसायचं, एक-दोन चौकोनांवर टिचकी मारायची, यूपीआयने भरायचं आणि पावती डाउनलोड करायची. सुरुवात जुन्या दोनशेवाल्यांपासून केली. डिसेंबर 2021 च्या आधी सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग, नो पार्किंग असल्या किरकोळ गोष्टींना 200 रुपये पडायचे. नवे दर लागू झाल्यावर त्याचे 500 झाले आणि पुन्हा तेच केलं तर 1500. यादी तारखेप्रमाणे वाचत गेलं की ही पायरी बरोबर दिसते, आधी दोनशे, दोनशे, दोनशे आणि मग एकदम चढण. हेल्मेटचे मात्र आधीही 500 आणि नंतरही 500. पुण्यात 2019 च्या हेल्मेटसक्तीवर इतका गदारोळ झाला, पण कॅमेऱ्याला कोणाचं निवेदन पोचलेलं नाही.

चौकोनाचं इतकं कौतुक केलं तर त्याची एक खोडही सांगते. यादीच्या अगदी वर सगळी चलनं एकदम निवडणारा चौकोन आहे आणि मोबाइलवर अंगठा नेमका तिथेच पडतो. खालची बेरीज एकदम फुगते. बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी चष्मा लावून, टेबलावर फोन ठेवून, करंगळीने करते.

दुसरी गोष्ट फोटोंची. प्रत्येक चलनाबरोबर पुराव्याचा फोटो असतो. लोक तो उघडत नाहीत. उघडा. आमच्याकडे घरगुती तपास त्यावरच झाला. गाडी तिघांत, त्यामुळे दंड कोणाचा हा वाद होताच. चलन गाडीच्या नंबरावर निघतं, पोर्टलला चालवणाऱ्याशी देणंघेणं नाही. पण हँडलला अडकवलेली निळ्या चौकड्यांची पिशवी मी स्वतः जुन्या पडद्याची शिवलेली आहे, ती ओळखायला मला नंबरप्लेट लागत नाही. एका फोटोत ती पिशवी फर्ग्युसन रस्त्यावर होती, दुपारी एकच्या सुमारास, जेव्हा ती वारज्यात असायला हवी होती. भाचा विनाहेल्मेट, मागे एक मुलगी, तीही विनाहेल्मेट. डबा त्या दिवशी उशिरा का पोचला ते मला एवढ्या वर्षांनी कळलं. ते चलन त्याने स्वतःच्या पैशातून भरलं, आणि मुलगी कोण हे मी वहिनीला सांगितलेलं नाही.

याच फोटोंमध्ये एक आमचं नव्हतंच. आमची स्कूटर राखाडी, फोटोतली लाल. प्लेट थोडी चेपलेली होती, 3 चा 8 वाचला गेला होता. इथे मी पोर्टलला दोन तारे देणार होते. तक्रार करायची सोय आहे, आरसी आणि आपल्या गाडीचा फोटो जोडला, तक्रारीचा क्रमांक आला आणि मग शांतता. प्रत्यक्ष चौकशीला गेले तर "ऑनलाइन टाकलंय ना मॅडम, मग ऑनलाइनच होईल." तोपर्यंत ते 500 रुपये माझ्याच नावावर. ओळखीतले सगळे म्हणाले, भरून टाक, पाचशेसाठी कशाला डोकं लावतेस. पाचशे म्हणजे माझे सात-आठ डबे होतात. दुसऱ्याच्या लाल गाडीसाठी मी पोळ्या लाटणार नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मध्ये बरेच दिवस गेले. परवा सहज यादी उघडली तर ते लाल गाडीचं चलन नाही! ना एसएमएस, ना उत्तर, नुसतं गायब. त्यामुळे दोन तारे मागे घेतेय. तक्रार चालते, फक्त चालताना आवाज करत नाही. तक्रारीच्या क्रमांकाचा आणि यादीचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, एवढंच.

आता सगळ्यांचा लाडका प्रश्न: लोकअदालतीची वाट बघावी का? राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. कोर्ट फी नाही, वकील लागत नाही, आणि तिथे तडजोड झाली की 1987 च्या कायद्याप्रमाणे तो विषय संपला, त्यावर अपील नाही. कर्नाटकात फेब्रुवारी 2023 मध्ये थकीत चलनांवर निम्मी सूट दिली होती, त्याच्या आदल्या वर्षी तेलंगणात दुचाकींना 75 टक्के. त्या बातम्या फॉरवर्ड होत होत आपल्याकडे पोचतात आणि लोक सरसकट माफी येईल म्हणून स्वस्थ बसतात. तडजोड हा आपला हक्क नव्हे, पॅनेल काय मान्य करेल ते खरं.

मी हिशेब केला. दोनशेच्या चलनावर शंभर वाचवायला अर्धा दिवस घालवायचा तर पेट्रोल आणि बुडलेले डबे धरून तोटाच. म्हणून लहान चलनं घरबसल्या पूर्ण भरली आणि 1500 ची तेवढी मागे ठेवली. एकदा भरलेल्यावर नंतर सूट निघाली तरी फरक परत मिळत नाही, त्यामुळे हे आधीच ठरवावं लागतं. त्या 1500 वाल्यांवर लोकअदालतीत, शिवाजीनगर कोर्टात, निम्म्यावर तडजोड झाली. गर्दी भरपूर, पाण्याची बाटली आणि चलनांची प्रिंट घेऊन जा. फोनवरची यादी दाखवत बसलेल्यांना आत जाऊन पुन्हा बाहेर प्रिंट काढायला यावं लागत होतं.

विमा नसल्याचं 2000 चं चलन मी त्यात धरलं नाही, आधीच भरलं होतं. 2022 चं होतं ते. आमच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा तेव्हा 714 रुपये अधिक जीएसटी होता. त्या महिन्यात मुलीची परीक्षा फी की विमा असा प्रश्न होता आणि फी भरली. त्या दोन हजारांबद्दल माझं पोर्टलशी काही भांडण नाही.

"ताई, सगळी चलनं काढून देतो, तीस टक्के द्या," असं सांगणारा एक जण आमच्याही सोसायटीच्या गेटवर भेटला होता. पावती कोणाच्या नावाची मिळेल विचारलं तर विषय बदलला. आणि व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली तर उघडू नका. शेजारच्या काकांनी उघडली आणि त्यांच्या फोनवरून तीच फाइल आम्हा सगळ्यांना आली, त्यांच्या कीर्तन मंडळासकट.

एक खटकलं ते राहिलंच. राज्याच्या पोर्टलवर भरलेलं चलन लगेच यादीतून जातं, पण त्या गिऱ्हाइकाच्या फोनमधल्या ॲपवर ते बरेच दिवस थकीतच दिसत होतं. मी पावत्यांची फाइल घेऊन बसले आणि एकेक चलन क्रमांक त्याला जुळवून दाखवला, तेव्हा त्याने टोकन दिलं. पावत्या फोनमध्येच ठेवल्या असत्या तर त्याने अजून दोन हजार पाडून मागितले असते, चेहऱ्यावरच दिसत होतं.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा त्या वरच्या चौकोनाचा कापला, एक त्या लाल गाडीसाठी केलेल्या शांततेचा.

आता इलेक्ट्रिक घेतलीय आणि डब्यांचे पैसे आले की तिचाही नंबर टाकून बघते. गेल्या वेळी एक निघालंच, सदाशिव पेठेतलं, पी-वन पी-टूचं, म्हणजे सम-विषम तारखेच्या पार्किंगचं. हे म्हणतात, "पाटी मंडळाच्या मांडवामागे झाकलेली होती, मी तक्रार करणार." फोटोत पाटी स्वच्छ दिसतेय आणि पाटीखाली हे चहा पिताहेत. पुढच्या वेळी 1500 लागतील, आज 500 मध्ये मिटवा असं मी यांना सांगितलंय. अजून भरलेलं नाही.