अँग्लो-सॅक्सन वारशाचे मेटल: फोरफादर, विंटरफिलेथ की वोडन्सथ्रोन?

पेगन मेटलची, म्हणजे ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या देवांवर आणि श्रद्धांवर आधारलेल्या मेटल संगीताची, गोडी लागलेल्या माणसाला स्कँडिनेव्हियाची वाट आपोआप सापडते, कारण ओडिन, थॉर हे तिथले जुने देव आणि व्हायकिंग जहाजे यांवर गाणारे बँड कितीतरी आहेत. मात्र १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्यापूर्वी तेथे नांदलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांचे देव, राजे आणि भाषा यांवर मनापासून काम करणारे बँड मोजकेच आहेत. त्यांतला एक निवडायचा असेल, तर सरे परगण्यातील फोरफादर, मँचेस्टरचा विंटरफिलेथ आणि ईशान्य इंग्लंडमधील वोडन्सथ्रोन या तिघांचा विचार आधी करावा.

माझी पहिली शिफारस फोरफादरची आहे. वुल्फस्टन आणि अथेलस्टन अशी जुनी सॅक्सन नावे धारण केलेल्या दोन भावांनी १९९७ मध्ये लेदरहेड येथे हा बँड सुरू केला आणि १९९९ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. त्यांच्या संगीतात ब्लॅक मेटलचा, म्हणजे कर्कश गायनाच्या जलद मेटल प्रकाराचा, वेग आहे, पण पाया जुन्या हेवी मेटलचा आहे: दोन गिटारी एकमेकींना धरून सूर चढवत नेतात, कर्कश आवाजातली कडवी संपता संपता मोकळ्या आवाजातले ध्रुवपद येते, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ते आपण स्वतःच गुणगुणू लागतो. विषयाशी असलेली त्यांची निष्ठा अल्बमांच्या नावांतही दिसते. ‘द फायटिंग मॅन’ (२०००) हे नाव १०६६ मध्ये नॉर्मनांविरुद्ध हेस्टिंग्जच्या लढाईत मारल्या गेलेल्या इंग्लंडच्या हॅरॉल्ड राजाच्या निशाणाचे आहे. त्या निशाणावर सशस्त्र योद्ध्याची आकृती सोन्याच्या धाग्यांनी विणलेली होती, असे वर्णन जुन्या इतिहासात आढळते. ‘एंग्ला टोकुमे’ (२००२) हे तर थेट जुन्या इंग्रजीतले शीर्षक असून त्याचा अर्थ ‘इंग्लिशांचे आगमन’ असा होतो. मेटल नव्याने ऐकणाऱ्याने याच अल्बमपासून सुरुवात करावी.

विंटरफिलेथचा पिंड निराळा आहे. आठव्या शतकातील बीड या भिक्षूने अँग्लो-सॅक्सन महिन्यांची नावे नोंदवून ठेवली, त्यांत ऑक्टोबरसाठी ‘विंटरफिलेथ’ हा शब्द आहे, कारण त्या महिन्याच्या पौर्णिमेपासून हिवाळा सुरू झाला असे मानत. आपली कोजागरीही बहुधा त्याच सुमारास येते. ‘द घोस्ट ऑफ हेरिटेज’ (२००८) पासून हा बँड सलग जलद गिटारवादनाच्या लांब लाटा उभ्या करतो आणि मधूनच त्यांवर पुरुषांच्या समूहस्वराचा आधार देतो. तरीही एक भेद लक्षात घ्यावा: येथे धर्मापेक्षा भूमी, इतिहास आणि विस्मरण यांवर भर अधिक आहे, म्हणून नेमके पेगन काही हवे असणाऱ्याची थोडी निराशा होऊ शकते. वारशाची भाषा बोलणाऱ्या ब्लॅक मेटलवर वंशवादाचा संशय लवकर येतो. या बँडवरही तो आला, आणि त्यांनी तसल्या राजकारणाशी संबंध असल्याचे जाहीरपणे नाकारले आहे. ज्यांना कर्कश गायन सोसत नाही, त्यांच्यासाठी ‘द हॅलोइंग ऑफ हेअरडम’ (२०१८) हा पूर्णपणे अकूस्टिक, म्हणजे विजेवर न चालणाऱ्या वाद्यांचा, अल्बम आहे आणि तो फार सुंदर आहे.

वोडन्सथ्रोन म्हणजे वोडन देवाचे सिंहासन. इंग्रजी ‘वेन्झडे’ हा याच वोडनचा वार, म्हणजे आपला बुधवार. तिघांत सर्वांत खोलवर पेगन मला हाच बँड वाटतो. ‘लॉस’ (२००९) या अल्बममधील बऱ्याच रचना आठ-दहा मिनिटांच्या आहेत. गिटारींच्या मागे कीबोर्ड धुक्यासारखा पसरलेला असतो, आणि हरवलेल्या श्रद्धेचा शोक शब्द कळण्याआधीच पोहोचतो. हा अल्बम कामे करता करता ऐकण्याचा नव्हे. रात्री दिवा मालवून, हेडफोन लावून तो सलग ऐकावा. दोनच अल्बम करून हा बँड २०१६ मध्ये थांबला, याची मला आजही हळहळ वाटते.

तेव्हा सूर आणि कथा हव्या असतील तर फोरफादर घ्यावा. ब्लॅक मेटल आधीच अंगवळणी पडले असेल तर थेट ‘लॉस’ गाठावा. पुढेही नवे ऐकत राहायचे असेल आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाची आस असेल, तर विंटरफिलेथ हाच योग्य, कारण २०२४ मध्येही त्यांचा ‘दि इम्पीरियस होरायझन’ हा नवा अल्बम आला आहे.