एकाच खांबावरच्या दोन तारा: नगरपरिषदेच्या पथदिवे सेवेचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या गल्लीतले सोडियमचे पिवळे दिवे उतरवून त्यांच्या जागी तीस वॅटचे पांढरे एलईडी दिवे बसवण्यात आले. देखभालीचे काम नगरपरिषदेने एका ठेकेदाराकडे सोपवले असून तक्रारीसाठी एक मोबाइल ॲप आणि एक दूरध्वनी क्रमांक दिलेला आहे. वर्षभर ही सेवा घेतल्यानंतर दिव्यांना पाचपैकी चार गुण देण्यास माझी हरकत नाही. दुरुस्तीला मात्र दीडच्या वर देता येत नाहीत, आणि त्या दीडातला एक आमच्या भागात येणाऱ्या वायरमनचा आहे.

रस्त्यांवरील प्रकाशासाठी ‘आयएस १९४४’ हे भारतीय मानक आहे. अतिमहत्त्वाच्या, वेगवान वाहतुकीच्या रस्त्यांवर सरासरी ३० लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या प्रकाशाचे माप), इतर मुख्य रस्त्यांवर १५, बऱ्यापैकी वर्दळीच्या दुय्यम रस्त्यांवर ८ आणि कमी वर्दळीच्या गल्ल्यांमध्ये ४ लक्स प्रकाश असावा, असे ते सांगते. शिवाय दुय्यम रस्त्यावरच्या सर्वांत अंधाऱ्या जागीही सरासरीच्या किमान ०.३ पट प्रकाश पडावा, अशी त्याची अपेक्षा आहे. मोबाइलमधल्या लक्समीटरवर फार विसंबून राहू नये हे मान्य करूनही एका रात्री नऊ वाजता मी गल्लीभर फिरून मोजणी केली. खांबाखाली १४, दोन खांबांच्या मधोमध जेमतेम २ आणि एकंदर सरासरी सहाच्या आसपास भरली, म्हणजे आमची गल्ली काठावर का होईना, पास झाली. पूर्वीच्या पिवळ्या उजेडात खड्डा आणि ओला डांबरी रस्ता सारखेच दिसत असत. आता खड्डा खड्ड्यासारखा दिसतो. एक गुण कापला आहे तो दिव्यांच्या कलत्या बसवणीसाठी, कारण दोन दिव्यांचा झोत रस्त्यापेक्षा पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांतच अधिक शिरतो आणि तिथल्या रहिवाशांना जाड पडदे लावावे लागले आहेत.

खरी परीक्षा जुलैतल्या वादळात झाली. गुलमोहराची फांदी तारांवर पडून रात्री पावणेअकराच्या सुमारास घरातली आणि रस्त्यावरची वीज एकदमच गेली. घरातली वीज दोन वाजायच्या आत परत आली, तक्रार क्रमांकाचा संदेशही मोबाइलवर आला. त्याच खांबावरून जाणाऱ्या दुसऱ्या तारेवरचे चौदा दिवे मात्र तेविसाव्या दिवशी लागले. आळस एवढेच कारण मी इतके दिवस धरून होतो, पण त्यामागे नियमांची मांडणीही आहे.

घरी येणाऱ्या तारेचा ग्राहक मी आहे आणि वीज कायदा, २००३ ने ग्राहकाला बऱ्यापैकी संरक्षण दिले आहे. बिल थकले तरी कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. कलम ५७ प्रमाणे सेवेची मानके ठरतात आणि ती न पाळल्यास भरपाई द्यावी लागते. महाराष्ट्रात ही मानके वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत नमूद आहेत. नव्या जोडणीची मुदतसुद्धा ठरलेली आहे: केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ती महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस इतकी आहे. एवढे करूनही दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत.

रस्त्यावरच्या तारेचा ग्राहक मात्र मी नव्हे, नगरपरिषद आहे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून सांगितले आहे, पण विझलेला दिवा किती तासांत लागावा आणि न लागल्यास नागरिकाला काय मिळावे, याबद्दल ते कलम काही सांगत नाही. गावाकडच्या घराच्या ग्रामपंचायतीच्या पावतीवर ‘दिवाबत्ती कर’ असा वेगळा रकाना तरी असतो आणि आपण कशाचे पैसे भरतो ते कळते. इथे तो मालमत्ता कराच्या एकत्रित आकड्यात विरघळून गेलेला असतो.

या फटीत आमची तक्रार तेवीस दिवस लोंबकळत राहिली. ठेकेदाराच्या माणसाने दूरध्वनीवर अगदी नम्रपणे सांगितले, “साहेब, आम्ही फक्त दिवा बघतो. खांब वीज कंपनीचा. तारेतच लाइन नाही म्हटल्यावर दिवा कसा लागणार?” वीज कंपनीच्या कार्यालयात उत्तर मिळाले, “ती फेज, म्हणजे दिव्यांची तार, नगरपरिषदेची आहे, त्यांचे पत्र आल्याशिवाय आम्ही हात लावत नाही.” ते पत्र नगरपरिषदेच्या विद्युत विभागात सहीसाठी थांबले होते. दरम्यान ॲपवर तिसऱ्याच दिवशी आमची तक्रार ‘निकाली’ काढण्यात आली आणि पुराव्यादाखल पेटलेल्या दिव्याचे छायाचित्र जोडण्यात आले. त्या छायाचित्रात मागे पिठाच्या गिरणीची पाटी स्पष्ट वाचता येते. आमच्या गल्लीत गिरणी नाही.

याबाबत मुंबई शहरातली व्यवस्था मला अधिक सोयीची वाटते. तिथे बेटाच्या भागात घरांचा वीजपुरवठा आणि रस्त्यावरच्या दिव्यांची देखभाल ही दोन्ही कामे बेस्ट या महापालिकेच्या वीज आणि बससेवा उपक्रमाकडेच आहेत, त्यामुळे खांब कोणाचा आणि फेज कोणाची हा वाद नागरिकापर्यंत पोहोचण्याचे कारणच उरत नाही. दादरला राहणाऱ्या माझ्या भावाला तर आमच्या या तेवीस दिवसांची गोष्ट आधी खरीच वाटेना.

ॲपविषयी इच्छुकांसाठी एक सूचना. तक्रार नोंदवताना खांब क्रमांक भरावाच लागतो. तो खांबावर पिवळ्या रंगात रंगवलेला असतो खरा, पण डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे नेमका वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स बांधण्याच्या उंचीवर. आमचा क्रमांक कोणा युवा नेत्याच्या हनुवटीमागे गेला होता. त्यामुळे दिवे बिघडण्यापूर्वीच, दिवसाउजेडी, आपल्या खांबांचे क्रमांक टिपून ठेवावेत.

तेविसाव्या दिवशी दिवे लागले, ते मग विझेनात. वादळात टायमर जळाला होता आणि नवा उपलब्ध नसल्याने जोडणी थेट करण्यात आली होती. बारा तासांच्या दिवसात तीस वॅटचा एक दिवा सुमारे ०.३६ युनिट जाळतो. चौदा दिव्यांचे रोजचे पाच युनिट झाले. हे एकोणीस दिवस चालले, म्हणजे शंभराच्या जवळपास युनिट भर उन्हात गेले. घरगुती दराचा पहिला टप्पा शंभर युनिटांवर संपतो आणि आमच्या गल्लीतली दोन-तीन घरे महिनाभर त्या टप्प्याच्या आतच भागवतात. विझलेल्या दिव्यासाठी चार जणांनी फोन केले होते. दिवसा जळणाऱ्या दिव्यांसाठी मी एकट्याने केला, हेही इथे नोंदवले पाहिजे.

शेवटी वायरमनने आपल्या अखत्यारीत जमेल ते केले. फिडर पिलरमध्ये, म्हणजे दिव्यांना वीज वाटणाऱ्या रस्त्याकडेच्या पेटीत, त्याने एक साधा खटका बसवून दिला, गुलमोहराच्या ज्या फांद्या पावसाळ्यापूर्वीच छाटायला हव्या होत्या त्याही छाटल्या, आणि फ्लेक्स सोडवून खांबाचा क्रमांक ऑइलपेंटने पुन्हा ठळक रंगवला. यातले फक्त खटक्याचे काम त्याला सांगितलेले होते. त्याचा एक गुण याचसाठी.

नवा टायमर अजून आलेला नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला आमच्या शेजारचे निवृत्त शिक्षक हातात लाकडी पट्टी घेऊन जातात आणि तिच्या टोकाने तो खटका खाली दाबतात. सकाळी फिरायला निघताना वर करतात. ते परगावी गेले की ही जबाबदारी माझ्याकडे येते. पेटीला दार नाही आणि पाऊस तिरपा असला की पाणी थेट आत जाते, असे मी चौथ्या तक्रारीत खांब क्रमांकासह लिहिले आहे. तिच्यापुढे सध्या ‘प्रलंबित’ असे दिसते.