छोट्या सोरॉरिटीच्या माजी सदस्या सांभाळताना: सशुल्क सॉफ्टवेअर, साधी शीट आणि पोस्टकार्डे

अमेरिकेतील कॉलेजांमध्ये ग्रीक अक्षरांची नावे लावणारी मुलींची जी मंडळे, म्हणजे सोरॉरिटी, असतात, त्यांतील मोठ्यांची गोष्ट वेगळी आहे. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या देशव्यापी संघटनेतील 26 सोरॉरिटींना मुख्यालय असते, पगारी माणसे असतात आणि गावोगावी माजी सदस्यांच्या शाखा असतात. आमची सोरॉरिटी मात्र ‘लोकल’, म्हणजे पेनसिल्व्हेनियातील एका लहान कॉलेजापुरतीच आहे. वर्षाला जेमतेम दहा-बारा मुली येतात आणि पदवी घेऊन गेलेल्यांचा ठावठिकाणा ठेवण्याचे काम कोणा ना कोणा स्वयंसेविकेच्या गळ्यात पडते. गेल्या शरद ऋतूपासून ते माझ्याकडे आहे.

आरंभी आम्ही माजी विद्यार्थ्यांसाठीच बनवलेल्या एका सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी भरली होती. नकाशावर कोण कुठे राहते हे दिसणे, वर्गणी परस्पर जमा होणे, कार्यक्रमांची नोंदणी होणे, असे सगळे त्यात होते आणि ते चालतही नीट होते. अडचण एवढीच, की प्रत्येकीने स्वतःचे खाते उघडून आपली माहिती स्वतः भरावी, या गृहीतकावर त्याची सगळी भिस्त होती. नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलींनी एकदा खाते उघडले आणि पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत. साठीच्या पुढच्या बायकांनी पासवर्डपाशीच हात टेकले. शंभर-दोनशे जणींच्या मंडळाला हा खर्च परवडण्यासारखा नाही, असे माझे मत झाले.

त्याऐवजी काही महिने गूगलची साधी शीट वापरते आहे आणि ती उपयोगी पडते आहे, याचे श्रेय शीटपेक्षा तिच्या मांडणीला जाते. पदवीच्या वर्षाप्रमाणे नावे लावण्याऐवजी आम्ही ती ‘बिग’ आणि ‘लिटिल’ यांच्या साखळीप्रमाणे लावली. नव्या मुलीला एक थोरली बहीण नेमून दिली जाते, पुढे तिच्याच हाताखाली धाकटी येते आणि अशी घराणी वर्षानुवर्षे चालत राहतात. वर्गातील मैत्रिणींची गाठभेट तुटली तरी आपली लिटिल कुठे आहे हे बहुतेकींना ठाऊक असते. तिला विचारले की पुढचीचा पत्ता लागतो. प्रत्येक घराण्यातील एकीवर तेवढ्याच नावांची जबाबदारी दिल्यामुळे पंधरा-वीस जणींना फोन करणे कोणालाही जड जात नाही. शीटमध्ये कॉलेजातले नाव आणि आताचे नाव असे दोन वेगळे रकाने मात्र हवेतच. लग्नानंतर आडनावाबरोबर पहिले नावही बदललेल्या आज्या-मावश्या ज्यांच्या घरात आहेत, त्यांना हे का हवे ते समजावून सांगावे लागणार नाही. कॉलेजचा ईमेल पत्ता मुख्य रकान्यात ठेवू नये, कारण पदवीनंतर तो अनेक ठिकाणी बंद होतो.

ज्यांचा साखळीतूनही शोध लागला नाही, त्यांना पोस्टकार्डे पाठवली. पत्त्याच्या बाजूला ‘रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड’ एवढे छापले, की घर बदललेल्या व्यक्तीचे कार्ड पुढे न जाता आपल्याकडे परत येते आणि टपालखात्याकडे नवा पत्ता असेल तर तो वर चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीवर छापलेला असतो. फर्स्ट क्लास, म्हणजे नेहमीच्या पत्रांच्या, टपालाला याचे वेगळे पैसे पडत नाहीत. परत आलेले कार्ड म्हणजे वाया गेलेला खर्च असे कोणाला वाटेल, पण आमच्या शीटमधील सर्वांत खात्रीचे पत्ते त्या पट्ट्यांवरूनच उतरवलेले आहेत. घाऊक टपालाची सवलत आमच्यासारख्यांनी विसरावी, कारण तिथे एका खेपेला किमान 200 नग लागतात.

रोजच्या गप्पांसाठी तरुण मुली ग्रुपमी या गटागटाने गप्पा मारायच्या ॲपवर आहेत आणि परदेशी स्थायिक झालेल्या व्हॉट्सॲपवर. या दोन्ही गटांना एकत्र आणण्याचा खटाटोप मी सोडून दिला. होमकमिंगची, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या कॉलेजातील वार्षिक मेळाव्याची, तारीख, कोणाच्या निधनाची वार्ता असे महत्त्वाचे निरोप ईमेलनेच जातात. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला 500 जणांनाच पत्र पाठवता येते, पण आमच्या संख्येला ती मर्यादा आड येत नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र शीट काही करू शकत नाही. आमचे मंडळ करकायद्याच्या 501(सी)(7) कलमाखाली ‘सोशल क्लब’ म्हणून नोंदलेले असल्याने देणगीदाराला करसवलत मिळत नाही, आणि हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर वर्षअखेरीस पावत्यांसाठी फोन सुरू होतात. शिष्यवृत्तीसाठी मोठी रक्कम उभी करायची असेल तर 501(सी)(3) खालील वेगळी संस्था काढावी लागते. एवढे मनुष्यबळ आज आमच्याकडे नाही.

हीच पद्धत कोणाला वापरायची असेल तर शीट कोणाच्याही वैयक्तिक खात्यात ठेवू नये. मंडळाच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडून त्याचा पासवर्ड दोघींकडे असावा आणि पदाधिकारी बदलल्या की नव्या दोघींनी त्यात प्रवेश करून पाहावा, कारण दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक स्वरूपाचे खाते गूगल मजकुरासह काढून टाकू शकते.