नोटबुकएलएम: पाठाच्या तयारीला उत्तम, गृहपाठाला जपून

काम सांगितले की टप्पे स्वतः आखून ते पुरे करणारा एजंटिक एआय शाळेत आणायचा, तर सुरुवात गूगलच्या नोटबुकएलएम या एआय साधनाने करावी. ते उत्तरे तुम्ही दिलेल्या मजकुरातून देते आणि विधानापुढे आकडा टाकते. आकड्यावर क्लिक केले की मूळ परिच्छेद समोर येतो. मोफत खात्यात एका नोटबुकमध्ये (म्हणजे एका विषयाच्या संग्रहात) ५० स्रोत, म्हणजे फाइली किंवा दुवे, बसतात. एका विषयाला वर्षभर पुरून उरतात.

खरी मेहनत अपलोड करण्याआधीची आहे. श्रीलिपी किंवा शिवाजी या जुन्या मराठी फॉन्टमधल्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. अगम्य अक्षरे उमटली, तर एआयलाही तेच दिसण्याची शक्यता आहे. अशी फाइल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर बहुधा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येणाऱ्या अक्षरांत, मिळतो. मोठे पुस्तक असेल तर एकेक प्रकरण वेगळे करा. मग जोडाक्षरे, तक्ते आणि विशेषतः घातांक डोळ्यांखालून घाला. दहावीच्या ‘गुरुत्वाकर्षण’ प्रकरणात G ची किंमत आहे ६.६७ गुणिले दहाचा उणे अकरावा घात. रूपांतरात घात खाली उतरू शकतो आणि ‘१०-११’ अशी वजाबाकी उरते. ती तशीच राहिली, की त्यावर रचलेली उदाहरणेही चुकतात.

सेटिंग्जमध्ये आउटपुटची भाषा मराठी करा. प्रश्नमंजूषा मागताना काठिण्यपातळी निवडा आणि सूचनाही नेमकी द्या: ‘फक्त मुक्तपतन, वस्तुमान आणि वजन यांतला गोंधळ उघड करणारे चुकीचे पर्याय.’ नुसते ‘प्रश्न काढ’ म्हटले तर व्याख्यांची घोकंपट्टीच हाती येते. स्रोतांवरून ते बनवते तो बोलका ऑडिओ उजळणीला बरा, सूत्रांना नाही.

एजंटपणा खरा दिसतो तो त्यातल्या डीप रिसर्च या वेबशोधाच्या सोयीत. ते शोधाचा आराखडा करते, वेबसाइटी वाचते आणि अहवालासोबत स्रोत देते. ते स्रोत पाठ्यपुस्तकाच्या नोटबुकमध्ये मिसळू नका, अभ्यासक्रमाबाहेरचे मुद्दे उत्तरांत शिरतात. मुलांची नावे, गुण तर अजिबात चढवू नका.

शिक्षकांसाठी शिफारस निःसंशय. विद्यार्थ्यांच्या हाती मात्र गृहपाठाची पद्धत बदलूनच द्यावे, कारण तयार उत्तर उतरवून काढायला काहीच अडवत नाही. वहीत उत्तरासोबत पुस्तकातला आधाराचा परिच्छेद मागा आणि दुसऱ्या दिवशी आकडे बदलून तेच उदाहरण फळ्यावर सोडवून घ्या.