बार्सिलोनात रस्त्यावर पाकीट तपासणारे ‘पोलीस’

आई-वडिलांना घेऊन बार्सिलोनाला जाणार असाल, तर निघण्याआधी त्यांना एक गोष्ट नीट सांगून ठेवा. तिथले खरे पोलीस ओळखपत्र मागू शकतात, पण भर रस्त्यात तुमच्या पाकिटातल्या नोटा चाळत बसत नाहीत. आम्हाला हे साडेचारशे युरो गेल्यावर कळलं.

मी नोकरीसाठी जर्मनीत असते. आई-बाबा नाशिकहून आले होते आणि बाबांना वास्तुकार आंतोनी गाउदीचं काम डोळ्यांनी बघायचं होतं. साग्रादा फामिलिया पाहून ते भारावून गेले होते. 1882 साली सुरू झालेलं चर्च, गाउदी 1926 मध्ये ट्रामखाली सापडून गेला तरी काम चालूच राहिलं. आतले खांब वर जाऊन झाडासारखे फांद्यांत फुटतात, त्यांच्याखाली बाबा कितीतरी वेळ मान वर करून उभे होते. दुसऱ्या दिवशी गाउदीचंच पार्क ग्वेल हे उद्यान ठरलं होतं.

पार्क ग्वेल टेकडीवर आहे. वाल्कार्का मेट्रोला उतरलं की चढाच्या गल्लीत उघड्यावरच सरकते जिने लावलेत. तिकिटावर वेळ छापलेली असते, त्यामुळे चढणारा प्रत्येक जण घाईत असतो आणि ही घाई ठकांच्या टोळीला बरोबर माहीत असते. आई आणि मी पुढच्या जिन्यावर होतो, बाबा दम खायला खाली थांबले होते. हातात नकाशा घेतलेला एक माणूस त्यांच्याजवळ आला आणि रस्ता विचारू लागला. तेवढ्यात साध्या कपड्यातले दोघे आले, कातडी पाकिटातला बिल्ला दाखवला, ‘पोलीस, पासपोर्ट’ म्हणाले. इथे अमली पदार्थ आणि खोट्या नोटांचा व्यवहार चालतो, तुम्ही दोघे काय देवघेव करत होतात, असा सवाल.

सगळी मेख पुढे आहे. नकाशावाल्याने निमूटपणे आपला पासपोर्ट काढला, पाकीटही दिलं. त्यांनी ते पाहून परत केलं आणि त्याला जायला सांगितलं. तो त्यांचाच माणूस होता. पण समोरच्याने दिलं आणि त्याला ते परतही मिळालं, हे पाहिल्यावर बाबांनी काय करावं? त्यांनीही दिलं. त्या दोघांनी नोटा नाकाशी नेऊन हुंगल्या, कार्डं उलटीपालटी केली, ‘ओके सर’ म्हणून पाकीट हातात ठेवलं. पासपोर्टही परत. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं.

बाबांची उभी हयात बँकेत कॅशियर म्हणून गेली. नोटा मोजणाऱ्या बोटांवर त्यांची नजर असते. तरीही वरच्या दोन नोटा तशाच ठेवून आतल्या गेलेल्या त्यांना दिसल्या नाहीत. ‘एवढं कसं कळलं नाही’ असं ज्यांना वाटतंय, त्यांनी कृपा करून आपल्या घरच्या ज्येष्ठांना असं कधी विचारू नये. आमच्या एका नातेवाइकाने विचारलं आणि बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. मला त्या पैशांपेक्षा याचा जास्त राग आहे.

वर गेल्यावर कळलं की फॉरेक्स कार्डही नाही. ॲपवरून ते लगेच बंद केलं, तरी तोवर दोन दुकानांत वापरलं गेलं होतं. युरोपात साधारण 50 युरोपर्यंत कार्ड नुसतं टेकवलं तरी चालतं, पिन लागत नाही. म्हणून कार्ड कसं बंद करायचं हे ज्याच्या खिशात ते कार्ड आहे त्यालाही यायला हवं, आणि सगळी रोकड एकाच पाकिटात नको.

असं कुणी अडवलं तर पाकीट बाहेर काढू नका. ‘पोलीस ठाण्यात चला, तिथे दाखवतो’ म्हणा आणि 112 हा आपत्कालीन क्रमांक लावा, नुसती धमकी नको, खरंच लावा. माणसं असतील त्या दुकानात शिरा. मराठीत ओरडलात तरी चालेल, आवाज मोठा हवा.

बाकीचे प्रकार थोडक्यात. अंगावर घाण उडाली म्हणून पुसायला धावणारा मदतनीस बॅगेसाठी आलेला असतो. रांब्ला या गजबजलेल्या रस्त्यावर पेल्याखालची गोटी ओळखायचा खेळ दिसेल, त्यात जिंकणारे त्यांच्याच टोळीतले असतात. साग्रादा फामिलियाचं तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, दारात कुणी ‘रांग नको’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

फसवणूक झालीच, तर तक्रार टाळू नका. बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्या कातालोनियाचे पोलीस म्हणजे मोसोस द एस्क्वाद्रा, त्यांच्या ठाण्यात लेखी तक्रार घेतात, तिला तिथे ‘देनुन्सिया’ म्हणतात. प्रवास विम्याचा दावा करताना तो कागद मागतात. पासपोर्ट गेला असेल तर भारतीय दूतावासातही तो लागतो. आम्ही ठाण्यात बराच वेळ बसलो, पण शिक्का मारलेली प्रत घेऊनच बाहेर पडलो. विम्याचा अर्ज सध्या कंपनीकडे आहे.