एसए ८००० प्रमाणपत्र : मसुदा भक्कम, तपासणी कच्ची

कारखान्यात कामगारांचे मानवी हक्क पाळले जातात की नाही, हे माल घेणाऱ्या कंपनीला कळावे यासाठी जी साधने वापरली जातात, त्यांत एसए ८००० हे जुने आणि बऱ्यापैकी परिचित मानक आहे. न्यूयॉर्कच्या सोशल अकाउंटेबिलिटी इंटरनॅशनल या संस्थेने ते १९९७ मध्ये आणले. ते घेणाऱ्या देशांत इटलीबरोबर भारतही वर्षानुवर्षे आघाडीवर आहे, म्हणून आपल्याकडच्या कामगार प्रतिनिधींना आणि निर्यातदारांना त्याची नीट पारख असायला हवी.

मसुद्याबद्दल तक्रारीला जागा नाही. नियमित काम आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नको, ओव्हरटाइम कामगाराच्या खुशीचा आणि आठवड्याला १२ तासांच्या आत हवा, नोकरी देताना अनामत रक्कम किंवा मूळ कागदपत्रे अडकवून ठेवायची नाहीत, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. वेतनाचे कलम तर कायद्याच्याही पुढचे आहे : केवळ किमान वेतन देऊन भागत नाही, मूलभूत गरजा भागून हातात थोडे उरेल एवढा पगार कामगाराला मिळाला पाहिजे. वाटाघाटीला बसणाऱ्या प्रत्येक युनियनने हे कलम जवळ बाळगावे, इतके ते मोलाचे आहे.

खरी अडचण तपासणीत आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची फी ज्याची तपासणी व्हायची तो कारखानाच भरतो. तारीख आधी कळली, तर त्या दिवसापुरती हजेरीपुस्तके जुळवून ठेवता येतात आणि कामगारांना उत्तरे पढवता येतात; शिवाय कोणाकोणाला मुलाखतीसाठी आत बोलावले हे सुपरवायझर पाहत असेल, तर पगार वेळेवर होत नाही असे सांगण्याचे धाडस कोण करणार?

याची सर्वांत भीषण साक्ष कराचीची आहे. बलदिया टाउनमधील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला एसए ८००० मिळून जेमतेम काही आठवडे झाले होते, तोच ११ सप्टेंबर २०१२ रोजी तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. आग लागली की लावली, यावर पुढे खटला चालला. परंतु खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायचे दरवाजे बंद होते, ही गोष्ट कोणत्याही तपासनिसाला इमारतीत एक फेरी मारून दिसायला हवी होती.

तुलनेसाठी बांगलादेशातील अ‍ॅकॉर्ड पाहावा. एप्रिल २०१३ मध्ये कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेल्यावर ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात हा करार झाला. त्याचा आवाका इमारत, वीज आणि आग यांच्या सुरक्षेपुरता, म्हणजे एसए ८००० पेक्षा बराच लहान होता. मात्र तो कायद्याने बंधनकारक होता, त्याच्या तपासणीचे अहवाल कारखान्याच्या नावानिशी जाहीर होत होते आणि कराराच्या कारभारात कामगार संघटनांना ब्रँडच्या बरोबरीने स्थान होते. शब्द न पाळणाऱ्या ब्रँडविरुद्ध संघटनांना लवादाकडे जाता येत होते, आणि त्या गेल्याही.

म्हणून एसए ८००० घेणाऱ्या व्यवस्थापनाला माझी शिफारस आहे ती अटीसह. अंतर्गत शिस्त लावण्यासाठी ते जरूर घ्यावे, पण तपासणीचा पूर्ण अहवाल कामगारांना मराठीत किंवा त्यांच्या भाषेत वाचायला द्यावा, मुलाखती कारखान्याच्या आवाराबाहेर घेऊ द्याव्यात आणि कंत्राटी कामगारांना त्यांतून वगळू नये. माल घेणाऱ्या कंपनीनेही प्रमाणपत्राची प्रत मागून थांबू नये. मागील वर्षाच्या तक्रारी आणि त्यांवर झालेली कार्यवाही पाहिल्याशिवाय ऑर्डरवर सही करू नये.