एसएससी की सीबीएसई: विचार करायला कुठे शिकवतात?
पाचवीला बोर्ड बदलायचं का, हा मावसबहिणीचा पेच. माहितीपत्रकातलं ‘क्रिटिकल थिंकिंग’ सोड, प्रश्नपत्रिका बघ. एसएससीच्या मराठी कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ विचारतात. कल्पना झकास, पण गाइडात स्वमतही तयार मिळतं आणि पोरं तेच घोकतात! सीबीएसईत दहावीला निम्मे गुण उपयोजनाच्या प्रश्नांना. उतारा किंवा तक्ता देतात, त्यावरून कारण शोधायचं. नुसतं पाठांतर तिथे अडतं (क्लासवाले त्याचेही साचे पुरवतात म्हणा).

पुस्तकं बालभारतीची असोत वा एनसीईआरटीची, स्वस्तच. फरक फीचा, अनुदानित मराठी शाळा खिशाला परवडते.

घरी मराठीतून वाद घालणारं, शंका काढणारं पोर असेल तर एसएससी पुरे. बदलीची नोकरी असेल किंवा घरी कुणाला वेळच नसेल तर सीबीएसई.